हँडलखालची वाटी

नानांच्या अ‍ॅटलास सायकलचं हँडल मध्यावर अडायला लागलं होतं. डावीउजवीकडे सुरळीत वळायचं, पण सरळ रेषेत आलं की खटकन बसायचं, तिथे खाच असावी तसं. आणि खाच होतीच. नाना आर. के. पुरममधल्या क्वार्टरपासून वेस्ट ब्लॉकमधल्या कचेरीपर्यंत वर्षानुवर्षं या सायकलवरून गेले. सरळ रस्त्यावर हँडल मध्यापासून जेमतेम हलतं. हँडलखालच्या नळीच्या दोन्ही तोंडांना वाट्या असतात; त्यांतल्या खालच्या वाटीतले छर्रे तेवढ्याच जागी हादरे खात घासत राहतात, मधलं ग्रीस बाजूला सरकतं आणि प्रत्येक छर्ऱ्याखाली पोलादावर एक खळी उमटते. वरच्या वाटीपेक्षा खालची लवकर जाते, कारण भार तिच्यावर असतो आणि पुढच्या चाकावरून उडणारी धूळही तिलाच लागते. दिल्लीची मे महिन्यातली आंधी ग्रीसमध्ये मिसळली की त्याचं पॉलिश पेपरसारखं काहीतरी होतं.

ही सायकल बनवणारी कंपनी १९५१ साली सोनिपतला सुरू झाली. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, बंद पडला. तरी वाट्या, कोन आणि छर्रे झंडेवालानच्या सायकल बाजारात अजून मिळतात. जुनी वाटी सोबत नेली आणि व्हर्नियरने मोजून जोडी घेतली. डोळ्यांच्या अंदाजाने घेऊ नये. पाव मिलिमीटरचाही फरक पडला तर वाटी एक तर सैल राहते, नाही तर नळीला चीर पाडते.

ती जुनी वाटी काढणं हेच मोठं काम होतं. मागच्या खेपेला एका मिस्त्रीने ती हातोडीने ठोकून बसवली होती आणि ती तिरकी गेली होती. हँडल काढताना बोल्ट चार आटे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकूड धरून टपली मारली, तेव्हा आतली पाचर सुटली. रॉड ब्रेकच्या कड्या त्याआधीच सोडवल्या होत्या. मग अर्धा इंची जीआय पाइपचा दीड फुटी तुकडा घेतला. एका टोकाला हॅकसॉने अधिकच्या चिन्हासारखे दोन काप दिले आणि त्या चार जिभा बाहेर फाकवल्या. सपाट टोक खालच्या वाटीतून वर ओढलं. जिभा वाटीतून दबून पलीकडे गेल्या आणि नळीच्या आत पुन्हा फाकून वाटीच्या कडेवर टेकल्या. वरून पाइपवर हलके ठोके दिले, तशी वाटी सगळीकडून सारखी खाली उतरली. हे ठोकणं चालतं, कारण वाटी बाहेरच यायची आहे.

बसवताना मात्र मी हातोडी घेत नाही. हातोडीचा ठोका पडून गेल्यावर कळतं की तिरका पडला. आट्यांची ताकद आधी मनगटाला जाणवते आणि थांबता येतं. म्हणून मुनिरकाच्या हार्डवेअरवाल्याकडून १२ मिमीची आट्यांची सळई आणली. दिल्लीत तिला चूडीवाला रॉड म्हणायचं. आटा म्हटलं की इथे गव्हाचं पीठ. दोन नट, रुंद जाड वॉशर आणि वाटीची बाहेरची कड धरणारा लाकडी ठोकळा, एवढंच प्रेस. नळीच्या तोंडाला ग्रीस लावलं. अर्धा फेरा द्यायचा, चहूबाजूंनी फट बघायची, मग पुढचा अर्धा. फट एका बाजूला जास्त दिसली की नट सोडून वाटी परत सरळ करायची. एका वेळी एकच वाटी. दाब कडेवरच यायला हवा, छर्ऱ्यांच्या वाटेवर कधीच नाही.

वाटी फ्रीजरमध्ये ठेवावी, असं काहीजण सांगतात. मी हिशेब केला: ३० मिमीची पोलादी वाटी ६० अंशांनी गार झाली तर सुमारे ०.०२ मिमी आकसते. थोडी मदत होते, पण वाटी सरळ धरण्याची मेहनत काही वाचत नाही.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खांद्यावरचा कोन बसवायला एक इंची पाइप उपयोगी पडला, कारण तो चिमट्याच्या दांड्यावर सरकतो. नव्या कोनावर जुना कोन उलटा ठेवला आणि ठोके त्यावर दिले, म्हणजे नव्याला चरा गेला नाही. छर्रे पिंजऱ्यात न घेता सुटे भरले, ग्रीसमध्ये चिकटवून, आणि एका छर्ऱ्याची जागा मोकळी ठेवली. नवी वाटी नसती मिळाली तरीही हा उपाय केला असता. छर्ऱ्यांची संख्या बदलली की ते जुन्या खळ्यांत एकदम उतरत नाहीत.

आवळण्याला सगळ्यात जास्त वेळ दिला. पुढचा ब्रेक धरून सायकल मागेपुढे ढकलली, टकटक आली. वरचा कोन जरा फिरवून लॉकनट पुन्हा कसला. मग पुढचं चाक उचलून सायकल किंचित कलती केली, तेव्हा हँडल आपोआप एका अंगाला वळलं आणि वाटेत कुठेही अडलं नाही.

तुमच्या घरी जुनी सायकल असेल तर तिचंही पुढचं चाक आजच उचलून पाहा. हँडल मध्यावर अडत असेल, तर दुरुस्ती लांबणीवर टाकू नका.