मायची सही

माझ्या मायला सही येते. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियान आमच्या वस्तीत आलं, तेव्हा ती शिकली. समाजमंदिरात रात्री आठला वर्ग भरायचा. दिवसभर दुसऱ्याच्या रानात निंदणी करून आलेल्या बाया मांडीवर पाटी घेऊन बसायच्या. शिकवायला वस्तीतलीच दहावी-बारावीची पोरं, त्यात मीही होतो. सहा-सात महिन्यांनी वर्ग बंद पडला, गाव साक्षर झालं असं सांगण्यात आलं आणि पाट्या लेकरांच्या खेळात गेल्या. मायकडे तेवढी सही उरली. तिचा तिला भारी अभिमान. रेशनच्या दुकानात शाईचा पॅड पुढे सरकवला की ती म्हणायची, "पेन द्या."

याच सहीने तिला पुढे खड्ड्यात घातलं. गटाचं कर्ज देणाऱ्या एका खाजगी कंपनीचा माणूस वस्तीत आला. मायने कागद हातात घेऊन विचारलं, "काय लिव्हलंय ह्याच्यात?" तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला तर सही येते, मग काळजी कशाची?" सात ठिकाणी सह्या झाल्या. त्यातली एक सही शेजारणीच्या कर्जाला जामीन म्हणून होती, हे आम्हाला शेजारीण ऊसतोडीला निघून गेल्यावर कळलं. हप्ता मागायला माणूस आमच्या दारात उभा राहिला. मायने कानातली फुलं मोडली. मी तेव्हा शहरात मोर्चांमध्ये घोषणा देत होतो, हेही सांगून टाकतो.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. अंगठा घेणाऱ्याने मजकूर वाचून दाखवायचा असतो, समजावून सांगितला असं लिहून साक्षीदार घ्यायचा असतो. किती जण तसं करतात हे आपल्याला ठाऊक आहे, पण निदान कागदावर त्या बाईच्या बाजूने एक आडोसा असतो. सही केली की आडोसा गेला. सहीचा अर्थ होतो, 'मी वाचलं, मला मान्य आहे.' म्हणजे आम्ही पोरांनी मायला वाचायला शिकवलं नाही, फक्त जबाबदार धरण्याच्या लायकीची केली.

मित्रांनो, प्रौढ शिक्षण कशासाठी, हा प्रश्न मला इथून पडतो. आणि गंमत अशी, की सरकारी कागदात त्याचं उत्तर एकेकाळी बरंच चांगलं लिहिलेलं होतं. २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचे तीन भाग होते: साक्षरता, कार्यक्षमता आणि जाणीवजागृती. १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. त्याच्या व्याख्येत लिहिणं, वाचणं, हिशेब तर होतंच, पण आपल्या वंचनेची कारणं ओळखणं आणि संघटनेतून, सहभागातून आपली स्थिती बदलणं हेही साक्षरतेतच धरलं होतं. हे वाचलं तेव्हा मी हसलोच. शिका आणि संघटित व्हा, हे आपलंच सांगणं सरकारी भाषेत उतरलं होतं की! पण आमच्या समाजमंदिरात हे कुणी सांगितलं नाही. आम्हाला सांगितलं होतं, किती जणींना सही आली तो आकडा द्या. मजुरीचा दर कुणी ठरवायचा, यावर त्या वर्गात एकदाही बोलणं झालं नाही. समोर बसलेली प्रत्येक बाई त्याच दिवशी कमी मजुरी घेऊन आली होती.

आता २०२२ ते २०२७ साठी उल्लास, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रम आहे. पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. शिकवणारे स्वयंसेवक, विनामानधन. यादीत आर्थिक साक्षरता आहे, डिजिटल साक्षरता आहे, व्यवसाय कौशल्य आहे. ते वाईट नाही. पण शेवटी मोजलं जातं काय? १५० गुणांची चाचणी: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. नातवाचा हात धरून परीक्षेला आलेल्या आजीचा फोटो पेपरात येतो. त्या आजीचा आनंद खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. माझ्या मायचाही तसाच होता. माझा प्रश्न प्रमाणपत्र हातात आल्यानंतरचा आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कलम २१-अ ने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. ज्या बाईचं ते वय शेणात-मातीत गेलं, तिच्यासाठी तसा हक्क नाही, योजना आहे. योजनेची मुदत संपते.

आणि निरक्षरतेची शिक्षा मात्र तिलाच. बाबासाहेबांनी १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात प्रौढ मताधिकाराची बाजू मांडताना साक्षरतेची अट खोडून काढली होती. अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही असं नव्हे, आणि लोक निरक्षर राहिले याला जबाबदार कोण, हा त्यांचा युक्तिवाद. आज महाराष्ट्रात १९९५ पासून पुढे जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर सातवी पास असावं लागतं. शाळा सुटलेल्या पोरीला शिकवण्याची सक्ती सरकारवर नाही, पण तिच्या उमेदवारीवर अट आहे. याला आपल्यातलेच शिकलेले लोक 'बरोबरच आहे' म्हणतात, तेव्हा मला जास्त त्रास होतो.

माय खऱ्या अर्थाने वाचायला शिकली ती विहारात. वर्षावासात तीन महिने 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चं वाचन होतं, बाया आळीपाळीने वाचतात. पहिल्या वर्षी ती नुसती ऐकायची. दुसऱ्या वर्षी ओळीखाली बोट ठेवून बसली. चौथ्या वर्षी अडखळत अर्धं पान वाचलं, आणि कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण पुढचीचा नंबर होता. इथे परीक्षा नव्हती, मुदतही नव्हती. ही आपली आजन्म शिक्षणाची शाळा आहे, पण आपण तिच्याकडे तशा नजरेने पाहत नाही. ग्रंथ मिटला की बाया घरी जातात.

म्हणून तीन वर्षांपासून आम्ही वाचनानंतर अर्धा तास वाढवलाय. ज्याने-त्याने घरातला एक कागद आणायचा: जॉबकार्ड, लाईट बिल, कर्जाचं कार्ड, तलाठ्याची नोटीस. तो मोठ्याने वाचायचा आणि कुणी काढला, कशासाठी काढला ते विचारायचं. वर्षावास संपला तरी रविवार चालू राहतो. एका जॉबकार्डावर न केलेल्या कामाचे दिवस भरलेले निघाले, त्यावरून पाच बाया ग्रामसेवकाकडे गेल्या. काम अजून झालेलं नाही, फेऱ्या चालू आहेत.

या जूनमध्ये कर्जवाला पुन्हा आला. मायने कागद घेतला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "ठेवून जा. रविवारी वाचू."

"कागद ठेवता येत नाही, मावशी."

"मग घेऊन जा."

तिच्या शेजारी बसलेल्या दोघींनी मात्र तेव्हाच सह्या केल्या. पेरणी तोंडावर आली होती आणि बियाण्याला पैसे हवे होते.