नेम दक्षिणेला, गाव पूर्वेला

मार्चमधल्या एका रविवारी मायामीजवळ बिस्केन उपसागराच्या तोंडाशी आमच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. वारा समोरून होता, लाटा चार फुटांच्या आणि एका अंगाला उथळ पाणी. भाच्यानं झटकन पुढचं शीड उलगडलं, बोटीनं तेवढ्यावर वळण घेतलं आणि आम्ही माघारी आलो. धक्क्याला लागून फिल्टर उघडला तर आत काळा, चिकट गाळ. जुन्या टाकीच्या तळाशी तो वर्षानुवर्षं निजून होता. शांत पाण्यात कधी हलला नव्हता. लाटांनी बोट हिंदकळली तसा घुसळून वर आला आणि त्यानं डिझेलची वाट बंद केली.

पाच आठवड्यांनी याच 34 फुटी शिडाच्या बोटीतून आम्हाला बहामाला जायचं होतं. मी, बायको आणि भाचा. त्यानंतरचे चार शनिवार भाचा त्या टाकीतच होता म्हणा ना. सगळं डिझेल उपसलं, तपासणीचं झाकण खोलून तळ खरवडला, पुसला, नवे फिल्टर बसवले. दाभोळला आमच्या वाडीत पाण्याच्या पंपानं ‘एअर धरली’ की वडील नट सैल करून, हातानं डिझेल वर चढवून हवा काढत. फिल्टर बदलला की तेच इथे करायचं असतं. भाच्यानं ते आधी मला शिकवलं आणि मग मामीला. ती स्वतःच्या हातानं इंजिन बंद पाडून पुन्हा चालू करेपर्यंत तो बाजूला उभा राहिला, पण त्यानं पान्याला हात लावला नाही.

बिमिनी हे बहामाचं सर्वात जवळचं बेट. मायामीच्या दक्षिणेला केप फ्लोरिडाचं दीपगृह आहे, तिथून सरळ पूर्वेला सुमारे 45 सागरी मैलांवर. अंतर ऐकून लोकांना हा रविवारचा फेरफटका वाटतो. पण मधे गल्फ स्ट्रीम आहे. फ्लोरिडा आणि बहामाच्या मधल्या चिंचोळ्या समुद्रातून दर सेकंदाला सुमारे 3 कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे धावतं. 1513 मध्ये पाँसे दे लेओनची गलबतं या किनाऱ्याला आली, तेव्हा वारा अनुकूल असूनही ती मागे ढकलली गेली. आमची बोट ताशी साडेपाच सागरी मैल जाते आणि प्रवाहाचा वेग सरासरी अडीच. पूर्वेकडे तोंड करून निघालो तर बिमिनीच्या वीस मैल उत्तरेला, मोकळ्या समुद्रात जाऊ.

हे गणित मी लहानपणी तरीत बसून पाहिलं होतं. दाभोळची खाडी ओलांडताना ओहोटी जोरात असली की तरवाला होडीचं तोंड पलीकडच्या धक्क्याकडे धरत नसे. वरच्या अंगाला, कुठल्यातरी माडाकडे धरी. होडी तिरकी तिरकी सरकत नेमकी धक्क्याला लागे. आम्हीही कागदावर बाण काढून तसाच माड शोधला : होकायंत्रावर 115 अंश. बेट जवळपास 90 वर, आणि आपण पंचवीस अंश दक्षिणेला नेम धरायचा. नकाशाच्या पडद्यावरच्या सरळ रेषेला चिकटून राहायचा मोह आवरायचा, कारण ती रेषा धरून ठेवायला बोट उगाच प्रवाहाशी भांडत बसते आणि वेळ वाढतो.

माणसांची तयारी मात्र कागदावर होत नाही. आम्ही दर रविवारी उपसागरात नारळ टाकायचो. पाण्यात पडलेल्या माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं. न सांगता कोणीतरी तो बाहेर फेकायचा. एकानं बोट त्याच्याकडे रोखून नजर हलवायची नाही, दुसऱ्यानं बोट वळवायची. पहिल्या दिवशी नारळ हाती यायला अकरा मिनिटं लागली. चार फुटांच्या लाटेत तो दर दुसऱ्या क्षणाला नाहीसा होतो, हे पाहिल्यावर बायकोनं सुरक्षेचा पट्टा बांधण्याबद्दल पुन्हा कधी वाद घातला नाही. रेडिओच्या शेजारी तिनं सोळा नंबरच्या चॅनेलवर बोलायची वाक्यं देवनागरीत लिहून चिकटवली : तीनदा मेडे, बोटीचं नाव, अक्षांश-रेखांश, माणसं किती. घाबरल्यावर इंग्रजी सुचेलच असं नाही, असं ती म्हणाली. मला ते पटलं.

मग कागदपत्रं. विम्याचा करार नीट वाचला तेव्हा कळलं, आमचं संरक्षण अमेरिकेच्या किनाऱ्यापुरतंच होतं. ते वाढवून घेतलं. बोटीची नोंदणी, खलाशांची यादी, पासपोर्ट असं सगळं टेबलावर मांडलं आणि तिथे गाडी अडली. आम्हा दोघांचे पासपोर्ट अमेरिकेचे. भाचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर. नोकरी बदलल्यावर त्याच्या कामाची मंजुरी नव्यानं आली होती, अमेरिकेत राहायला तो पूर्ण कायदेशीर होता. पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आला असता तर चाललं असतं. बेटांसाठी ही सवलत विद्यार्थ्यांना आहे, नोकरीवाल्यांना नाही. वकिलानंही तेच सांगितलं. मायामीच्या उंच इमारतींचा उजेड जिथून रात्री क्षितिजावर दिसू शकतो, तिथून त्याला घरी परतता आलं नसतं.

तो म्हणाला, “मामा, तुम्ही दोघं जा.” मी प्रवास रद्द करायला निघालो होतो. वाईट त्याचं वाटत होतंच, पण भीतीही होती. आजवर प्रत्येक कठीण क्षणी त्याचा हात आधी पुढे गेला होता. बायकोनं विचारलं, “त्यानं आपल्याला शिकवलेलं काय काय आपल्याला येत नाही, ते सांगा.” आम्ही यादी करायला बसलो. डोलकाठीवर चढणं सोडलं तर कागद कोराच राहिला.

भाच्याला किनाऱ्यावरचं काम दिलं. मार्ग, निघायची वेळ, बोटीचं वर्णन त्याच्याकडे. दुपारी चारपर्यंत निरोप आला नाही तर कोस्ट गार्डला कळवायचं.

एप्रिलअखेर आम्ही केप फ्लोरिडाच्या छोट्या बंदरात नांगर टाकून सहा दिवस थांबलो. वाऱ्यात उत्तरेचा अंश जरी असला तरी निघायचं नाही, हा इथला जुना नियम. उत्तरेकडे धावणाऱ्या पाण्यावर उत्तरेचा वारा आदळला की लाटा उंच आणि भिंतीसारख्या उभ्या होतात. शेजारच्या दोन बोटी निघाल्या, त्यातली एक संध्याकाळी परत आली. सातव्या दिवशी वारा आग्नेयेचा, दहा नॉट. बोट लागू नये म्हणून आदल्या रात्रीपासून गोळी, खिशात आलेपाकाच्या वड्या. पहाटे तीनला नांगर उचलला, म्हणजे दुपारच्या उन्हात पोचू. बिमिनीच्या तोंडावरची वाळू सरकत असते. पाण्याचा रंग पाहून वाट काढायला सूर्य डोक्यावर हवा.

सूर्योदयानंतर पाणी गडद जांभळट निळं झालं आणि बोट तिरकी सरकू लागली. इंजिनाचा सूर कुठे बदलतोय का, हे मी तास न् तास ऐकत होतो. बारा वाजता तळ अचानक वर आला आणि निळ्याचं मोरपंखी झालं.

पिवळा झेंडा चढवून धक्क्याला लागलो. परवानगी मिळेपर्यंत कप्तानाशिवाय कोणी उतरायचं नाही, म्हणून बायको बोटीवर आणि मी कागद घेऊन कचेरीत. परत येऊन पिवळा उतरवला, बहामाचा काळा-निळा-पिवळा चढवला आणि भाच्याला निरोप धाडला : पोचलो, दोघंही ठीक.

मिनिटभरात उत्तर आलं. “मामा, फिल्टरची वाटी बघितली का?”

बायको तोवर इंजिनाचं झाकण उघडून खाली वाकली होती. वाटीत कोकम सरबतासारखं लाल, नितळ डिझेल. तळाशी काही नाही. तिनं वाटीमागे टॉर्च धरला, मी फोटो काढला आणि त्याला पाठवला.