सायकलची वाट

आमच्या घरात सायकल एकच, आबांची. स्वारगेटकडे रात्रपाळीची वॉचमनकी करून आबा सकाळी धनकवडीला परततात, तेव्हा पायडलची कुरकुर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. ती ऐकली की आई चहाचे आधण ठेवते.

गेल्या वर्षी श्रावणात एका सकाळी ती कुरकुर आलीच नाही. आबांना टेम्पोचा धक्का लागला होता. हात मोडला, दीड महिना पगार बुडाला. माझी परीक्षा फी मामाने भरली.

घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे शहाणपणाचे प्रश्न विचारणे हा माझा हक्कच! मी म्हणालो, "आबा, सातारा रस्त्याला सायकलमार्ग असताना तुम्ही मोठ्या रस्त्यावर कशाला गेलात?"

आबा एवढेच म्हणाले, "एकदा त्या वाटेनं जाऊन ये, मग बोल."

गेलो. २००६ साली या रस्त्यावर बीआरटी आली, तिच्यासोबत हा मार्गही आला. पण त्यावर मोटारसायकली लावलेल्या, पुढे भाजीची हातगाडी, त्यापुढे वाळूचा ढीग. शंभर पावलांत मला चारदा उतरावे लागले. आणि चौक आला की मार्गच संपे. नेमका जिथे आधार हवा तिथेच. २०१७ साली महापालिकेने मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात ८२४ किलोमीटरचे मार्ग आहेत. कागदावरची वाट किती सरळ असते!

सायकलींचा देश म्हणून आपण हॉलंडचे नाव घेतो. तिथेही हे आपोआप घडले नाही. १९७१ साली तिथल्या रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ साली तेलाची टंचाई आली, रविवारी मोटारी बंद राहिल्या. पुढे सरकारने सायकलींना वेगळी वाट दिली. नुसता रंगाचा पट्टा नव्हे, मोटारीला शिरता येणार नाही अशी. हे वाचून मला आपल्या लोकांचा फार राग आला.

तो राग मार्चपर्यंत टिकला. परीक्षेला उशीर झाला होता, मित्राची स्कूटर हाती होती, सिग्नलला ही गर्दी. मी गाडी सरळ सायकलमार्गावर घातली. पुढे एक म्हातारे गृहस्थ सायकलवर, हँडलला डबा अडकवलेला. मी हॉर्न वाजवला. ते दचकले, एक पाय टेकून कडेला थांबले आणि काही न बोलता त्यांनी मला वाट दिली.

पेपर चांगला गेला.

आबांचा हात आता बरा आहे. सकाळी पायडल कुरकुरते, आई आधण ठेवते आणि मला तो हॉर्न आठवतो. आबांना हे अजून सांगितलेले नाही. त्यांना वाचता येत नाही. हा अंक घरी आला की मलाच वाचून दाखवावा लागेल.