ब्रेक सुटत का नाही?
अमरावती-अकोला हायवे म्हणजे एकदम मक्खन! जून २०२२ मध्ये इथे १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी पट्टा टाकून गिनीज रेकॉर्ड झाला. पण मूर्तिजापूरनंतर माझी जुनी कार ओढल्यासारखी चालू लागली. मागचं एक चाक तापलेलं, जळका वास.

अकोल्यात मिस्त्रीकाकांनी चाक जॅकवर उचललं, हँडब्रेक सोडला. चाक फिरेना. हँडब्रेकची केबल काढली, ब्लीडर निपल सैल केला, तरी तेच. “केबल बरोबर हाये, होजही. कॅलिपरच जाम झालं ना ताई!” पिना गंजलेल्या. नुसते नवे पॅड टाकून भागलं नसतं.

तेव्हा जुनी गाडीवाल्यांनो, वास आला की थांबा. ब्रेक ऑइल तापून उकळलं, तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.