आरसीवरचं नाव

मोरिवलीत एमआयडीसीकडे जाताना एका बंगलीच्या शेडमध्ये ती दिसली. प्रीमियर पद्मिनी. ताडपत्री सरकलेली, टायर बसलेले. कुर्ल्याच्या कारखान्यातली, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली ही गाडी 2001 साली बनायची थांबली.

याआधी एका घरी मी दारातच "काका, विकणार का?" विचारलं होतं. दार तोंडावर बंद. (बरोबरच होतं म्हणा.) म्हणून या वेळी फाटकात चिठ्ठी ठेवली: गाडी आवडली, बघू द्याल का? खाली नंबर.

आठवड्याने आजींचा फोन आला.

"भंगारवाले दर महिन्याला येतात," चहा देत त्या म्हणाल्या. "किलोचा भाव सांगतात."

मी किमतीचं काढलंच नाही. गाडी कुठे कुठे गेली ते विचारलं. जेजुरी, गणपतीपुळे, मुलीचं सासर. मग त्यांनी आपणहून आरसी बुक आणलं. अजून आजोबांच्याच नावावर.

"आधी तुमच्या नावावर करावं लागेल, मग माझ्या," मी म्हटलं.

"म्हणजे यांचं नाव काढायचं?"

मला उत्तर सुचेना. घाई नाही म्हटलं, चपला घातल्या.

"अरे," मागून हाक आली, "हवा तरी भरून बघ."

पुढच्या रविवारी पंप घेऊन गेलो.