उठलेल्या गावांचं रान

शिवसागराच्या काठी मुक्काम करायचा तर बामणोलीला जा, असं साताऱ्यात कुणीही सांगेल. खुद्द जंगलात तंबू टाकायची परवानगी मात्र मिळत नाही आणि ते बरंच आहे. कोयना अभयारण्य पाण्याच्या पलीकडे. मुक्काम अलीकडे, कुणाच्या तरी शेतात, भातकापणी झालेल्या खाचरात. रात्री रान रानाला सोडायचं आणि सकाळी लाँच पकडायची.

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो तेव्हा फुलांचा हंगाम सरलेला होता. तपकिरी, कोरडा सडा आणि त्यावर भन्नाट वारा. पुण्या-मुंबईचा पाहुणा या दिवसांत कासला थांबत नाही. आम्हाला सडा असाच आवडला. काळ्या जांभ्या दगडावर बोटभर मातीचा थर आहे, आणि एवढ्याशा मातीवर पावसाळ्यात शेकडो जातींची फुलं येतात, हे सडा उघडा पडल्यावरच नीट कळतं. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जागा आल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिल्या तीन या एका प्रवासात बसतात. पठाराची राखण आणि तिकिटांचं काम आजूबाजूच्या गावांच्या समित्या बघतात. हंगामात रोज किती माणसं आत सोडायची याला मर्यादा आहे, कारण एका शनिवार-रविवारी हजारो पायांनी सडा तुडवला तर पुढच्या वर्षी तिथं काय उगवणार?

कासचा तलाव मागे टाकला की रस्ता बामणोलीकडे उतरतो आणि समोर पाणी येतं. हा शिवसागर म्हणजे कोयना नदी अडवून झालेला जलाशय. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी दक्षिणेकडे वाहत हेळवाकला वळते आणि पुढे कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, साठा १०५ टीएमसी. महाराष्ट्राच्या विजेच्या गणितात कोयनेचं स्थान काय, हे शाळेतल्या भूगोलात सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्या पुस्तकात पाण्याखालची गावं नसतात. पन्नाशी-साठीच्या दशकांत खोऱ्यातली गावंच्या गावं उठली, कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी ठाण्या-कुलाब्याकडे, कुणी काठावरच वर सरकून नवी वाडी बांधली. बामणोलीत लाँच चालवणाऱ्यांपैकी अनेक जण त्या वर सरकलेल्यांचे नातू आहेत.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांचे तंबू साधे होते. गादी, घोंगडी, सौर दिवा. संडास पाण्यापासून लांब, चराचा. जेवण घरच्या चुलीवरचं: नाचणीची भाकरी, पिठलं, खर्डा आणि मागितलं तर जलाशयातले मासे. शेकोटी एकच, सगळ्यांत मिळून. मालकांना आम्ही तात्या म्हणत होतो. त्यांनी आल्या आल्या बजावलं, "पाव्हणं, गाणी लावायची न्हाईत. ऐकायचंच असंल तर रातच्याला पाणी ऐका." पलीकडच्या वळणावर एका रिसॉर्टात मात्र लेझर दिवे नाचत होते आणि डीजेचा ठोका पाण्यावरून आमच्यापर्यंत येत होता. त्याच्याही पाटीवर 'इको' लिहिलेलं होतं. तंबू कापडाचा असला की आपोआप पर्यावरणस्नेही होतो, असा काहींचा समज दिसतो. सरकारने या पट्ट्यात 'नवीन महाबळेश्वर' गिरिस्थान आखलं आहे, त्यात दोनशेहून जास्त गावं येतात. त्यातली किती तात्यांच्या वळणाने जातील आणि किती लेझरच्या, याची धास्ती वाटते.

सकाळची लाँच वासोटा गडाची. धुक्यातून लाँच निघाली की एका बाजूला कांदाटी खोऱ्याची गावं दिसतात. एकनाथ शिंदे यांचं दरे गाव याच पाण्याच्या काठाचं. ते गावी येतात तेव्हा बरेचदा हेलिकॉप्टर उतरतं. बाकीच्यांना आजारी माणूसही लाँचनेच न्यावा लागतो. तासाभराने मेट इंदवलीला उतरलो. इथं पूर्वी वस्ती होती, आता वनखात्याची चौकी आहे. पिशव्या उघडून प्लास्टिकच्या बाटल्या, पुडे मोजतात, अनामत घेतात आणि परतताना तेवढेच मोजून दाखवले तर पैसे परत. गडावर मुक्कामाला बंदी. संध्याकाळच्या आत खाली यायचं.

वाट सुरुवातीपासूनच दाट झाडीतून जाते. ताडोब्याला जाऊन आलेल्यांना इथं चुकल्यासारखं होतं, कारण इथं प्राणी समोर येऊन उभा राहत नाही. सदाहरित रान, दहा पावलांपलीकडे नजर पोचत नाही. वाटाड्याने गव्याचं शेण दाखवलं, अस्वलाने नखं ओढलेलं खोड दाखवलं, शेकरूची फांद्यांत बांधलेली घरटी दाखवली. शेकरू प्रत्यक्ष भेटलं, पार डोक्यावरून उड्या मारत गेलं. भेकर नुसतं ऐकू आलं. कुत्र्यासारखं भुंकतं, त्यामुळे नवख्याला वाटतं जवळ वाडी आहे. वाडी होती, हे मात्र खरं. चढता चढता एका सपाटीवर आंब्याची जुनी झाडं ओळीने उभी दिसतात. रानात आंबा असा ओळीने उगवत नाही.

गडावर छप्पर गेलेलं मारुतीचं देऊळ, वाड्याची जोती, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ. बाबूकड्याच्या टोकावर गेलं की पाय आपोआप मागे येतात. कोकणाच्या बाजूला कडा सरळ तुटलेला, समोर जुना वासोटा.

शिवाजी महाराजांनी १६६० साली हा गड घेतला आणि त्याला व्याघ्रगड हे नाव दिलं. गडाचा उपयोग मुख्यतः तुरुंगासारखा. १६६१ साली राजापुरात पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना इथं आणून ठेवलं होतं. चारी बाजूंनी जंगल आणि खाली जनावरं. पळून जाणार कुठं?

पण गडाची खरी गोष्ट ताई तेलिणीची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात औंधच्या पंतप्रतिनिधींचं पेशव्याशी बिनसलं, प्रतिनिधी कैदेत पडले, तेव्हा ही बाई वासोट्यात पाय रोवून उभी राहिली. तिच्यावर पेशव्याने पाठवला तो बापू गोखले. तिने काही महिने गड झुंजवला. शेवटी गड गेला, पण साताऱ्याच्या लोकांनी तिला विसरायचं नाकारलं. ती प्रतिनिधींची कोण होती यावर इतिहासकारांनी भरपूर शाई घालवली आहे. ती लढली कशी यावर फारच कमी. पुढची गंमत पाहा. १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत इंग्रजांचा जनरल प्रिट्झलर वासोट्याखाली आला, त्याने जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि गड पाडाव केला. तेव्हा गडावर छत्रपतींच्या घराण्यातली माणसं होती आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. म्हणजे राजापूरच्या इंग्रजांपासून सुरू झालेला तुरुंग शेवटी इंग्रजांच्याच सुटकेने बंद झाला. आता महाशिवरात्रीला गडाजवळच्या नागेश्वरच्या गुहेत दर्शनाला कोकणातून चोरवण्याच्या वाटेने आणि इकडून बामणोलीच्या वाटेने लोक येतात, तेवढीच या रानाची गर्दी.

बामणोली सोडून पाटणमार्गे कऱ्हाडला निघालो तेव्हा कोयनानगरचा विषय निघालाच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. धरणाच्या पाण्याने भूकंप होतो का, या प्रश्नासाठी जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेकडे बघतात. गोठणे इथं जमिनीत तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाचा अभ्यास झाला आहे. पाणी चढवलं की खडक काय करतो, हे समजायला एवढं खोल जावं लागलं. वर ज्यांची घरं पडली त्यांना ते लगेच समजलं होतं.

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर थोडा वेळ थांबून सांगली जिल्ह्यात, बत्तीस शिराळ्यात शिरलो. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे, पण गावाचं नाव झालं ते नागपंचमीने. कथा अशी: गोरक्षनाथ भिक्षेला आले तेव्हा घरातली बाई मातीच्या नागाची पूजा करत होती. जिवंत नाग दिला तर पूजशील का, असं त्यांनी विचारलं, आणि ती हो म्हणाली. तेव्हापासून आषाढात नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, पंचमीला मिरवायचे आणि मग जिथून आणले तिथं सोडायचे, असा परिपाठ होता. आया-बहिणी नागाला भाऊ मानून उपास करतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधाराने उच्च न्यायालयाने जिवंत नागांचे खेळ आणि मिरवणुका बंद केल्या. गाव अजून दुखावलेलं आहे, हे चहाच्या टपरीवर पाच मिनिटं बसलं की कळतं. "आमी नाग मारत न्हाई, पूजतो. मारणारं निराळंच," असं एक आजोबा ठासून म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मडक्यात ठेवलेला, गळ्यात घातलेला, तोंड दाबून धरलेला नाग किती भोगतो हेही खोटं नाही. २०२५ साली केंद्राने लोकांना माहिती देण्याच्या निमित्ताने एकवीस नाग धरायला परवानगी दिली, पूजा आणि मिरवणूक मात्र बंदच. आमचा कौल न्यायालयाच्या बाजूला आहे. तरी एवढं कबूल करायला हवं की सापाच्या भीतीने दांडकं घेऊन धावणाऱ्या महाराष्ट्रात, साप दिसला तर हात जोडणारं गाव मोडून काढणं सोपं आहे, असं दुसरं गाव उभं करणं कठीण.

शिराळ्याहून मणदूरला गेलं की वारणेचा वसंतसागर जलाशय आणि त्यामागे चांदोली. १९८५ ला अभयारण्य, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. २०१० साली कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, एकूण क्षेत्र ११६५ चौरस किलोमीटर. इथंही मुक्काम बाहेर, फिरणं ठरलेल्या गाडीतून, सोबत स्थानिक वाटाड्या. झोळंबीच्या सड्याकडे जाताना मधेच रान उघडतं आणि मोठाली गवताळ खाचरं येतात. आम्ही गव्यांचा कळप पाहिला तो याच गवतात, चांगल्या उन्हात, निवांत. काळेभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे गवे. त्यांच्या खुरांखाली बांध होते, भाताच्या खाचरांचे. कुणाची तरी शेती. आतली गावं उठवून बाहेर वसवली गेली आणि ती जमीन गवताची झाली, गवत आलं म्हणून गवे आले. त्या उठलेल्या माणसांनी योग्य जमिनीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ठाण मांडलं, डॉ. भारत पाटणकरांचं श्रमिक मुक्ती दल या लढ्यात पुढे होतं. कितीतरी कुटुंबांची ही लढाई मंत्रालयाच्या दारात म्हातारी झाली. जीपमध्ये बसून गव्यांचे फोटो काढताना हे कुणी सांगत नाही. आमच्या वाटाड्याने सांगितलं, कारण त्याचं जुनं घर त्या बांधापासून हाकेच्या अंतरावर होतं. तो रोज पाहुणे घेऊन आपल्याच गावठाणावरून जातो.

वाघ? इथं वाघ बराच काळ कधीतरी कॅमेऱ्यात, कधीतरी ठशात असा होता. गेल्या काही वर्षांत नर वाघ दक्षिणेकडून चालत आले आणि राहिले. त्यांना सेनापती, सुभेदार, बाजी अशी नावंही पडली. पण माद्या नव्हत्या. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून चांदोलीत सोडली. वाघ आणला की त्याचं खाणंही हवं, आणि त्याची तजवीज आधीपासून चालू होती. चितळ आणले गेले ते सागरेश्वरहून.

म्हणून आम्ही परतताना सागरेश्वरला वळलो. देवराष्ट्रे गावाला लागून असलेलं हे अभयारण्य जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटरचं. इथं नैसर्गिक रान नव्हतंच. उघडे, धुपलेले डोंगर होते. वृक्षमित्र धोंडीराम महादेव मोहित्यांनी लोकांना घेऊन झाडं लावली, चरायला बंदी घालायला गावाला राजी केलं, कुंपण घातलं, मग हरणं आणून सोडली. १९८५ साली सरकारने अभयारण्य म्हणून शिक्का मारला. चालुक्यकाळाशी नातं सांगणारी देवळं पायथ्याला होतीच, सागरेश्वराला श्रावणी सोमवारी मोठी गर्दी असते. शेजारचं कुंडल हे १९४२ च्या पत्री सरकारचं ठाणं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ इंग्रजांची पगाराची गाडी लुटली ती याच पट्ट्यात. यशवंतराव चव्हाण १९१३ साली जन्मले ते देवराष्ट्र्यात, आजोळी. ज्या गावांनी इंग्रजांचं सरकार मानलं नाही, त्यांनीच डोंगरावर कुऱ्हाडबंदी मानली. आणि आता त्याच कुंडलला राज्याच्या वनाधिकाऱ्यांची प्रशिक्षण प्रबोधिनी आहे.

अभयारण्यातल्या महानगुंडाच्या टोकावरून कृष्णेचं खोरं दिसतं, नजर जाईल तिथवर ऊस. संध्याकाळी चितळं खाली उतरतात. कुंपण जिथं मोडलंय तिथून उसात घुसतात, द्राक्षबागेत घुसतात. पायथ्याच्या एका शेतकऱ्याने आम्हाला अडवून विचारलं, "तिकडं वाघाला हरणं लागत्यात म्हणं. मग इथली सगळीच का न्हेत न्हाईत?" आम्ही म्हटलं, थोडी नेलीत की. तो म्हणाला, "थोडी नेऊन काय हुतंय? रात्रीत पाच गुंठं खाल्लं माझं. ती नेणाऱ्या साहेबांचा नंबर हाय का तुमच्याकडं?"