एक्के आणि गावजेवण

गेला आठवडाभर भेटेल त्याला मी एकच गोष्ट सांगत सुटलोय, आता तुम्हालाही सांगतो. पोकरच्या डावात पहिले उतरणार असाल, तर रेझ करूनच, म्हणजे रक्कम वाढवूनच उतरा!

मी दिवाळीतल्या तीन पत्तीवर वाढलेला. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर टेक्सास होल्डेम खेळायला बसलो. टेबल 100-200 चं, म्हणजे पानं वाटण्याआधीच एकानं 100 आणि त्याच्या पुढच्यानं 200 भरायचे. हे इथले ब्लाइंड; तीन पत्तीतला ब्लाइंड वेगळा. बाकीच्यांनी नुसते 200 टाकून आत शिरणं म्हणजे लिंप. अख्खं टेबल लिंप करत होतं, मीही करत होतो.

अकराच्या सुमाराला दोन एक्के आले, इस्पिक आणि बदाम. ही जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. अशा टेबलावर तासाला तीसेक डाव होतात, म्हणजे जवळपास साडेसात तासांची वाट! कुणी पळू नये म्हणून मी गुपचूप 200 टाकले. पाच जण सोबत आले. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या सगळ्यांच्या पहिल्या तीन पानांत, नव्वी, अठ्ठी, दुर्री. बिग ब्लाइंडवाल्याकडे, म्हणजे आधीच 200 भरलेल्याकडे, नेमकी नव्वी-अठ्ठी. वर एक रुपयाही न भरता त्यानं ती तीन पानं बघितली होती. माझे चौदा हजार गेले.

शेजारी कोल्हापूरचे एक काका होते. हळूच म्हणाले, "एक्के हातात असताना गावजेवण घातलंसा व्हय?"

त्या एका वाक्यानं डोक्यात लख्ख उजेड पडला! रात्री खोलीवर जाऊन आकडे बघितले. समोर कुठलीही पानं घेतलेला एकच गडी असेल, तर एक्के शेवटपर्यंत 85 टक्के वेळा जिंकतात. पाच असतील तर 49 टक्के. शिवाय फुकटात बसलेल्याकडे काय असेल, याचा थांगपत्ताच लागत नाही. रेझला जो थांबतो, तो निदान काहीतरी सांगून थांबतो.

दुसऱ्या रात्री मी बटणावर, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलणार. हातात किल्वरचा एक्का आणि राणी. दोघांनी लिंप केलेलं. काकांचा हिशोब असा : ब्लाइंडच्या चौपट, वर प्रत्येक लिंपमागे आणखी एक ब्लाइंड. मी 1200 सरकवले. एकच जण राहिला. फ्लॉपवर राजा, सत्ती, तिर्री. मला काहीच लागलं नाही. त्यानं चेक केलं, म्हणजे काहीच लावलं नाही; मी 1500 लावले आणि त्यानं पानं टाकली! मधले 2900 माझे, नुसत्या एक्का-राणीवर. लिंप करणाऱ्याला जिंकायला बहुतेक वेळा पानंच लागावी लागतात. रेझ करणाऱ्याला समोरच्याची माघारही पुरते. माझ्यासाठी सगळा खेळच तिथे बदलला.

लिंप कधीच करू नये असं मात्र नाही. आधीच तीन-चार जण लिंप करून बसलेत आणि हातात पंजीची जोडी आहे, तर स्वस्तात फ्लॉप बघावा. तिसरी पंजी साडेआठ वेळांत एकदा येते, आणि आली की भरपूर देऊन जाते.

पुढच्या वेळी टेबलावर बसलात की पहिला अर्धा तास फक्त मोजा, कोण किती वेळा नुसते 200 टाकून आत येतोय. मग बटणावर चांगली पानं आली की 1200 सरकवा, आणि काय झालं ते मला जरूर कळवा.